गुरम्माच्या गळ्यातली डबी

जरा कान जवळ आणा, माझा आवाज मोठा नाही. मी चांदीची डबी बोलतेय. आवळ्याहून थोडी मोठी, मधोमध फुगीर, झाकणाला एक बारीक कडी. निलंग्याच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला लागून एक गाव आहे, तिथल्या एका सुनेच्या गळ्यात मी सध्या असते. माझ्या पोटात काही नाही. पोट भरलेलं होतं तेव्हा मला बोलायची गरजच वाटली नव्हती.

माझं काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लिंगायत घरातल्या लेकराला स्वामी दीक्षा देतात, तेव्हा त्याला त्याचं स्वतःचं एक लिंग मिळतं. इष्टलिंग. देवळातल्यासारखं मोठं नाही, काळं तुळतुळीत, मुठीत मावेल एवढं. ते अंगावर बाळगायचं. सकाळी आंघोळ झाली की डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याच्याकडे बघत मंत्र म्हणायचा. आणि माणूस गेलं की ते त्याच्याच हातात ठेवून त्याला मातीत बसवतात. ज्याचं त्याचं लिंग ज्याच्या त्याच्याबरोबर जातं. एकाचं दुसऱ्याला देत नाहीत. ते ठेवायला कुणी कापड वापरतं, कुणी डबी. मी ती डबी.

डबी व्हायच्या आधी मी वाळे होते. गुरम्माच्या पायातले. तिच्या अव्वानं, म्हणजे आईनं, लग्नात दिलेले. बिदरकडची पोर, बोलताना मधेच कानडी यायची तिच्या तोंडात, आणि चालताना मी वाजायचे. तिचं लिंग तेव्हा गळ्यातल्या कापडाच्या पुरचुंडीत असायचं. शेतातल्या कामाच्या घामानं ते कापड सारखं कुजायचं. तिचा नवरा गुरुपादप्पा एक दिवस म्हणाला, "पायात वाजवत फिरण्यापरीस देवाला घर कर की त्याचं."

गुरम्मा रुसली. जेवली नाही त्या दिवशी. पण पुढच्या बाजाराला स्वतःच वाळे काढून त्याच्या हातात दिले. निलंग्याच्या सोनारानं मला वितळवलं. काय भाजलं म्हणून सांगू! पण झाकण बसवून त्यानं मला गुरम्माच्या हातात दिलं, तिनं ते काळं लिंग माझ्या पोटात ठेवलं आणि माझी कडी लावली, तेव्हा आपलं चांगलं झालं असं मला वाटलं. पायातून थेट छातीवर बढती! मिरवले मी जरा.

छातीवर राहणाऱ्याला माणसाचा चेहरा फारसा दिसत नाही. आतलं ऐकू येतं. काळीज कसं चाललंय, श्वास कुठं अडकतोय, तोंड काय म्हणतंय आणि आत काय चाललंय, सगळं.

तर ऐका. सुरुवातीच्या वर्षांत गुरम्माच्या मंत्रात काही दम नव्हता. ओठ "नमः शिवाय, नमः शिवाय" करत असायचे आणि आत बाजार भरलेला. म्हशीला वैरण टाकली का? सासू काल तसं का बोलली? चुलीवर ठेवलंय ते करपतंय वाटतं. मंत्र मधेच इतका भरभर व्हायचा की मला हसू यायचं. एकदा तर डोळे मिटूनच ती ओरडली, "अगं, कोंबडी शिरली घरात, हाकल!" आणि लगेच पुढं नमः शिवाय.

गावाला मठाचे स्वामी वर्षातून एकदा यायचे. तिनं त्यांना विचारलं, "स्वामी, मन काय ठरत न्हाई. सोडून देऊ का?"

स्वामी हसले. म्हणाले, "मन ठरवायला कोण सांगतंय तुला? तू म्हणत राहा. आज ओठानं म्हणतीस. कधीतरी ओठ आपसूक थांबतील, मंत्र घशात उतरेल. मग श्वासात. मग तुझं म्हणणं थांबेल तरी तो चालूच राहील. ओढून आत नेऊ नको. त्याला त्याच्या पायानं जाऊ दे."

तिला हे पटलं की नाही कुणास ठाऊक, पण तिनं सोडलं नाही. पोरगा झाला, शिवप्पा. सासू गेली. पोरगा शाळेत गेला, मोठा झाला, एसटीत कंडक्टर लागला. ती रोज बसायची. पुष्कळ दिवस काहीच व्हायचं नाही. तुम्हाला वाटत असेल, माणूस वर्षानुवर्षं मंत्र म्हणतं म्हणजे रोज थोडं थोडं खोल जात असेल. छे. आठवडेच्या आठवडे ती होती तिथंच असायची. कधी मागे यायची. ताप आला, भांडण झालं, शेजारी लग्नाचा बँड वाजला की पुन्हा ओठांवर.

मग गुरुपादप्पा गेला. उन्हाळ्यात शेतातून आला, पाणी मागितलं, आणि पाणी यायच्या आत आडवा झाला. त्याच्या हातात त्याचं लिंग ठेवून त्याला मातीत बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरम्मा तळहात उघडून बसली आणि तिच्या तोंडून मंत्रच निघेना. नुसतं रडू. त्यापुढं कितीतरी महिने मंत्र आणि रडणं एकत्रच चालायचं. माझ्या झाकणावर पाण्याचे डाग पडलेत ते तेव्हाचे, नीट पाहिलं तर अजून दिसतील.

आणि एका सकाळी ओठ थांबले. तिनं थांबवले नव्हते. ती लिंगाकडे बघत होती, समोरच्या समईची ज्योत त्या काळ्या पाठीवर एवढीशी, मोहरीच्या दाण्याएवढी दिसत होती. ओठ थांबले आणि मंत्र घशात, मग खाली. मला तो श्वासात ऐकू आला. आत घेताना "नमः", सोडताना "शिवाय". मी दचकले हो! इतकी वर्षं मी त्या छातीवर होते, इतकी शांतता कधी ऐकली नव्हती.

त्यानंतर बाई बदलली. गंमत म्हणजे आत गेल्यावर तिला बाहेरचं जास्त ऐकू यायला लागलं. दूध उतू जायच्या आधी तिला कळायचं. वासराचं पोट दुखतंय ते त्याच्या पाय बदलण्यावरून कळायचं. शिवप्पा चपला कशा काढतो त्यावरून ड्युटीवर काय झालंय ते कळायचं, आणि ती काही न विचारता त्याला आधी जेवायला वाढायची. पूर्वी तोंडानं तिखट होती. आता शब्द तिच्या जिभेपर्यंत येऊन थांबायचा. तो थांबलेला मला ऐकू यायचा. गावातल्या बाया म्हणायच्या, "गुरम्माला सगळं कळतंय बगा."

सगळं. आता मला तो शब्द आठवला की वाईट वाटतं.

शिवप्पाचं लग्न झालं. सून आली, शिल्पा. उदगीरच्या लिंगायताचीच पोर, शिकलेली, हळू बोलणारी. तिचंही लिंग होतं, लहानपणी दीक्षेत मिळालेलं. पण हल्लीच्या पोरींसारखीच तीही ते गळ्यात घालत नव्हती. माहेरच्या आईनं बजावलं होतं, "घालू नको तर नको, पण आपल्याजवळून हलवू नको," म्हणून कापडाच्या पुरचुंडीत बांधून पर्समध्ये ठेवायची. उघडून कधी बघायची नाही. सासूला मात्र मानायची. आत्याबाई, आत्याबाई करत मागे मागे असायची. गुरम्मापण तिला जीव लावायची. कुणाला खोटं वाटेल, पण या घरात सासूसुनेचं भांडण मी ऐकलेलं नाही.

एवढं एक होतं. महिन्याचे ते दिवस आले की शिल्पा बाहेर बसायची. वसरीच्या कोपऱ्यात, म्हणजे पुढच्या ओट्यावरच्या छपराखाली, तिची एक घोंगडी आणि एक वेगळा पेला असायचा. गुरम्मा वरून पाणी ओतायची, हात लागू द्यायची नाही. का? गुरम्माची सासू तिला तसंच बसवायची म्हणून. शेजारीपाजारी सगळ्या घरांत तेच चालतं म्हणून.

आमच्या धर्मात खरं तर हे नाही. स्वामींनी एकदा दारातच घोंगडीवर बसलेली शिल्पा पाहिली आणि म्हणाले, "गुरम्मा, लिंग बांधलेल्या बाईला विटाळ नसतो गं. हे कुठून आणलंस?"

गुरम्मानं हात जोडले. "होय स्वामी," म्हणाली. स्वामी गेले. पुढच्या महिन्यात शिल्पा पुन्हा वसरीवर. गुरम्मा आत लिंग घेऊन बसली, ओठ थांबले, श्वास लांब झाला, आत सगळं शांत शांत. बाहेर वसरीवर शिल्पा थंडीनं खोकत होती. ते मला ऐकू आलं. गुरम्माचा श्वास जराही हलला नाही.

असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी गुरम्मा गोठ्यात पाय घसरून पडली आणि खुबा मोडला. शिवप्पानं जीप करून लातूरला नेली, एका मोठ्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. आत नेताना नर्सबाईनं सांगितलं, अंगावर काही ठेवायचं नाही. कानातलं काढलं, बोटातली अंगठी काढली. मग तिचा हात माझ्याकडे आला.

गुरम्मानं मला मुठीत धरलं. "हे न्हाई काढत."

"आजी, धातूचं काही चालत नाही आत," नर्स चांगली होती, समजावून सांगत होती.

दीक्षेपासून हे लिंग तिच्या अंगावरून उतरलं नव्हतं. तिचं काळीज माझ्याखाली धाडधाड वाजत होतं. शेवटी तिनं स्वतःच दोरा डोक्यावरून काढला आणि मला शिल्पाच्या हातात दिलं. "हातातच धर, शिल्पा. खाली ठेवू नको. लिंग हरवलं तर मी हरवले बग."

"नाही ठेवत, आत्याबाई. तुम्ही काळजी करू नका."

शिवप्पा रक्ताची बाटली आणायला धावला होता. शिल्पा वरच्या मजल्यावर खिडकीजवळच्या बाकावर बसली. मला दोन्ही हातांत धरून. तिचा तळहात गुरम्माच्या हातापेक्षा मऊ, घामेजलेला. बराच वेळ गेला. आणि मग मला तिचं काळीज चुकल्यासारखं वाटलं. ती उठून उभी राहिली, साडी मागून चाचपली. तिला पाळी आली होती. भीतीनं असेल, धावपळीनं असेल, वेळेआधीच.

आता ती माझ्याकडे बघत होती. काय करावं तिला सुचेना. देव हातात आणि आपण अशा! तिनं मला असं लांब धरलं, जळतं लाकूड धरतात तसं. "शिवा, शिवा, चुकले," असं काहीतरी पुटपुटत होती. जवळ कुणी ओळखीचं बाईमाणूस नव्हतं. मग तिनं पदराच्या टोकानं मला धरून खिडकीच्या कठड्यावर ठेवलं, खाली रुमाल अंथरला, हात जोडले आणि बाथरूमकडे पळाली.

माझी कडी झिजलेली होती. इतक्या वर्षांची उघडझाप. कुणीतरी पाव्हणा जेवणाच्या डब्याची पिशवी घेऊन आला, त्यानं ती कठड्यावर टेकवली, तिचा धक्का मला लागला. मी आतल्या बाजूला फरशीवर पडले. माझं झाकण पडायच्या आधीच उघडलं होतं. लिंग खिडकीबाहेर गेलं.

खाली दवाखान्याच्या नव्या इमारतीचं काम चाललं होतं. खिडकीच्या बरोबर खाली खडीचा ढीग. काळी खडी. बाजूला मिक्सर गरगरत होता आणि बाया टोपल्या भरभरून त्यात ओतत होत्या.

शिल्पा आली, तिनं मला फरशीवर उघडी पाहिली. बाकाखाली बघितलं, लोकांच्या पायांत बघितलं, मग खिडकीतून खाली. जिने उतरून पळाली, मला मुठीत घेऊन. ढिगावर दोन्ही हातांनी खडी उपसायला लागली.

"काय हरवलं, ताई?" टोपलीवाली बाई म्हणाली.

"देव," शिल्पा म्हणाली. "काळा. एवढासा."

त्या बाईनं बिचारीनं टोपली खाली ठेवून तिच्याबरोबर शोधलं. पण मिक्सर थांबेना, आणि बघावं तो दगड काळा. शिल्पाच्या बोटांची सालपटं निघाली. वरून शिवप्पाची हाक आली, "शिल्पा! आईला बाहेर आणलं बग!"

जिन्याच्या वळणावर ती थांबली. पर्स उघडली. पुरचुंडी सोडली. तिचं स्वतःचं लिंग बाहेर काढलं, लहानपणानंतर पहिल्यांदाच असेल. पदरानं धरून तिनं ते माझ्या पोटात ठेवलं, कडी दाबली, दोऱ्यानं घट्ट गुंडाळलं. गुरम्मा शुद्धीवर आली आणि पहिला हात गळ्याकडे नेला, तेव्हा मी तिथं होते.

"जाग्यावर हाय," गुरम्मा म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

मी ओरडून सांगू शकत नव्हते. माझ्या पोटात परकं कुणी येऊन बसलं होतं. वजनाला हलकं, कडेला गुळगुळीत, कुणी फारसं हाताळलेलंच नाही असं.

घरी आल्यावर चांगली सकाळ पाहून गुरम्मा खाटेवर उठून बसली. शिल्पानं अंग पुसून दिलं, विभूती लावली, समई लावली. गुरम्मानं माझी कडी काढली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं.

थांबली.

तळहात जरा वरखाली केला. ज्योत त्या पाठीवर शोधली. मग मान वळवून तिनं शिल्पाकडे पाहिलं. शिल्पा भिंतीला टेकून उभी, जमिनीकडे बघत. गुरम्माचं काळीज एकदा फार खोल गेलं आणि परत आलं.

"शिल्पा, पाणी आण पूजेला," ती म्हणाली. एवढंच.

आणि तिनं मंत्र सुरू केला. ओठांनी. मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून. न. मः. शि. वा. य. दीक्षा झालेली लहान पोर म्हणते तसा. माझा जीव तुटला. कुठवर पोचलेली बाई, आणि आता पुन्हा पहिल्या पायरीवर! रोज तेच. ओठ थांबेनात. आत पुन्हा बाजार भरला, पण या बाजारात एकच माणूस ओरडत होता. कुठं गेलं? कसं गेलं? हिनं मला का सांगितलं नाही?

शिल्पा वाळत चालली. शिवप्पा म्हणायचा, "दवाखान्यात तू होतीस का आई होती पेशंट?" ती हसायचा प्रयत्न करायची.

मग तिचे ते दिवस पुन्हा आले. शिवप्पा ड्युटीवर. घरात खाटेवरून उठता न येणारी म्हातारी, आणि सून वसरीवर घोंगडीवर. दुपारी गुरम्माला तहान लागली. तिनं हाक मारली. शिल्पा दारापर्यंत आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"आत्याबाई, शेजारच्या काकूला बोलावते. मी बाहेर बसलेय."

गुरम्मा तिच्याकडे बघत राहिली. उंबऱ्याच्या अलीकडे ती, पलीकडे शिल्पा. माझ्याखालचं काळीज अगदी हळू झालं. मंत्र वगैरे काही चाललं नव्हतं, तरी तीच शांतता आली, गुरुपादप्पानंतर एका सकाळी आली होती ती.

"शिल्पा," ती म्हणाली, "त्या दिवशी दवाखान्यात बी तू बाहेर बसली होतीस का?"

शिल्पा उंबऱ्यावरच खाली बसली. मग सगळं बाहेर आलं. कठडा, रुमाल, पिशवी, खडी, मिक्सर. "आत्याबाई, मी तुम्हाला मारलं. मी हाताला लागू दिलं नाही, म्हणून गेलं. धरून ठेवलं असतं तर…"

"आत ये."

"आत्याबाई…"

"आत ये म्हणते ना! का मी सरपटत येऊ?"

शिल्पा आली. गुरम्मानं तिचे दोन्ही हात धरले, बोटांवरचे खडीचे वण अजून गेले नव्हते. "तळहाताला पयल्या दिवशीच कळलं होतं गं, हे माझं न्हाई म्हून. पण तू का केलंस, ते कळत नव्हतं. लई राग राग केला तुझा मनातल्या मनात." ती रडत होती. "स्वामी दारात उभं राहून सांगून गेलं. मी होय म्हटलं. अन् तुला वसरीवर बसवून आत डोळे मिटून बसले. एवढी वरसं आत आत गेले, शिल्पा, अन् वसरीवर बसलेली तू मला दिसली न्हाईस. मग कशाला गेले होते आत?"

शिल्पानं तिचं तोंड दाबलं. "असं बोलू नका."

गुरम्मानं दोरा डोक्यावरून काढला. मला, माझ्या पोटातल्या लिंगासकट, शिल्पाच्या गळ्यात घातलं. त्याच दिवशी, त्याच अवस्थेत. "हे तुझं हाय. तुझ्याजवळ राहू दे. मला जाताना रिकाम्या हातानं मातीत बसवा. कुणी विचारलं तर सांग, म्हातारीच्या मुठीत हाय."

"असं कसं जमेल? स्वामींकडून नवं घेऊ."

"नवं घ्यायचं तर सगळं सांगावं लागंल, अन् गाव तुला बोल लावंल. वचन दे."

शिल्पानं मान डोलावली. आमच्यात रिकाम्या हातानं मातीत जाणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. गुरम्माला कळत होतं. तिच्या आवाजात मला ते ऐकू आलं. तिच्या आतलं मी ऐकलेलं शेवटचं तेवढंच.

त्यानंतर मी शिल्पाच्या गळ्यात. गुरम्मा रोज सकाळी बसायची, डावा तळहात उघडा, त्यात काही नाही, आणि नजर त्या रिकाम्या तळव्यावर. मी लांबून बघायचे. ओठ हलायचे. काही आठवड्यांनी एकदा ओठ थांबलेले दिसले. पुढं काय झालं, मंत्र घशात गेला का, श्वासात गेला का, मला कसं कळणार? मी तिच्या छातीवर नव्हते. शिल्पा मात्र पाळीच्या दिवसांतही घरातच झोपली, घरातच जेवली. गुरम्मा घोंगडी घडी करून उशाला घ्यायची.

पावसाळा संपता संपता गुरम्मा गेली. बसल्या जागी, भिंतीला टेकून.

गावचे जंगम अय्या, म्हणजे आमचे गुरुजी, आले, खड्डा तयार झाला, तिला विभूती लावून बसवलं. भावकी जमली. सगळं झाल्यावर अय्यांनी हात पुढं केला. "लिंग?"

शिवप्पानं आईच्या गळ्याकडे पाहिलं. गळा मोकळा. लोक एकमेकांकडे बघायला लागले. शिल्पानं सांगायचं होतं, मुठीत आहे. तिच्या घशापर्यंत ते शब्द आलेले मी ऐकले. पण गुरम्माचा तळहात मांडीवर उघडा पडला होता, सगळ्यांना दिसेल असा, त्यात काही नाही असा.

शिल्पा पुढं झाली. माझी कडी काढली. तिचं स्वतःचं लिंग तिनं सासूच्या तळहातावर ठेवलं आणि गुरम्माची बोटं एकेक करून वर मिटवली. "मी सांभाळायला ठेवलं होतं," ती अय्यांना म्हणाली. कुणाला काही वेगळं वाटलं नाही. माती पडायला लागली.

वचन मोडलं तिनं. मी तिला बोल लावत नाही. रिकाम्या हातानं तिला तरी कसं जाऊ देववलं असतं?

आता शिल्पाकडे लिंग नाही. स्वामींकडे गेली तर ते नवं देतील, पुन्हा दीक्षा देतील. पण जायचं म्हणजे सगळं सांगावं लागेल, आणि सांगितलं की मातीत गुरम्माच्या हातात काय आहे ते गावाला कळेल. म्हणून ती जात नाही. मी तिच्या गळ्यात रिकामी लटकते. शिवप्पाला वाटतं, आईची आठवण म्हणून घातली आहे. सकाळी ती तळहात उघडून बसते. ओठ भरभर चालतात, आत रडणं आणि बाजार एकत्र. मला हे सगळं पाठ आहे. खाली पोचायला गुरम्माला सगळा जन्म लागला होता.

दिवसकार्याला पाव्हणे घरात असताना शिल्पाचे ते दिवस आले. शिवप्पा दारात उभा राहून हळूच म्हणाला, "चार दिवस बस बाहेर. एवढे लोक हायेत, कशाला तोंड उघडायला लावतीस?" तो काही वाईट माणूस नाही. इतकी वर्षं आईनं बसवलेलंच त्यानं पाहिलेलं.

शिल्पा आत गेली. गुरम्माच्या उशाची घोंगडी घेतली, झटकली, वसरीच्या कोपऱ्यात अंथरली. मला वाटलं, आता मला काढून ठेवील. तिनं मला मुठीत धरलं, घट्ट, आणि पहाटेपासून दिवस वर येईपर्यंत सोडलं नाही.

माझं म्हणणं फार नाही. लातूरच्या एका दवाखान्याची नवी इमारत आता उभी राहिली आहे. तिच्या कुठल्या भिंतीत, कुठल्या जिन्यात गुरम्मा हरवली आहे, ते मला ठाऊक नाही. तिथं कधी गेलात तर जरा हळू चाला. आणि तुम्ही रोज सकाळी डोळे मिटून बसत असाल, तर बसा, चांगलंच आहे. फक्त बसायच्या आधी एकदा दार उघडून वसरीवर कोण बसलंय ते बघून या.